मुलीसाठी पहिला सॅक्सोफोन: अल्टो की टेनर, नवा की जुना?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी १२ वर्षांची, घर फोंड्याला, सॅक्सोफोन शिकायचाच म्हणते. वडील भजनाला हार्मोनियमची साथ करतात, त्यामुळे पुढेमागे दोघांनी एकत्र वाजवावं अशी इच्छा आहे. हातात ६०,००० रुपये आहेत. ऑनलाइन २२,००० ला नवाकोरा अल्टो (मधल्या आकाराचा सॅक्सोफोन) दिसतो. सासष्टीतले एक निवृत्त बँडमास्तर आपला जुना टेनर (अल्टोपेक्षा मोठा, खालच्या सुराचा) २५,००० ला द्यायला तयार आहेत. दुकानात यामाहाचा आकडा लाखाच्या पुढे ऐकून सगळे गप्प झाले. यातलं काय घ्यावं?

उत्तर आधी सांगतो. अल्टो घ्या, नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला घ्या, आणि पैसे मोजण्याआधी त्यातून हवा कुठे गळत नाही ना, हे बघा. २२,००० चा नवा नको. बँडमास्तरांचा टेनर वाईट असेल असं नाही, पण या मुलीसाठी आत्ता नको.

अल्टोच का? पहिलं कारण अंगाचं. अल्टो साधारण अडीच किलोचा, टेनर साडेतीनच्या आसपास. हे वजन मानेतल्या पट्ट्यावर लटकतं. टेनरला फुंकही जास्त लागते आणि तोंडातला माउथपीस मोठा असतो. दुकानात मुलीला उभं करून पट्टा गळ्यात घाला आणि डाव्या करंगळीने तळचा बी फ्लॅट, उजव्या करंगळीने तळचा सी अशा चाव्या गाठता येतात का ते बघा. बोट पोचलं, पण बाकीची बोटं जागची हलली, तर हात अजून लहान आहे. बाराव्या वर्षी अल्टोवर बहुतेक मुलांचा हात बसतो. बोटांची मांडणी सोप्रानोपासून बॅरिटोनपर्यंत सारखीच असते, त्यामुळे अल्टोवर शिकलेलं पुढे टेनरवर वाया जात नाही. सरळ सोप्रानो दिसायला सुटसुटीत आणि हलका, पण त्यावर सूर जागेवर ठेवायला तयार कान आणि तयार ओठ लागतात. पहिलं वाद्य म्हणून तो नकोच. गोव्यात सॅक्सोफोन म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे जॅझवादक ब्राझ गोन्साल्विस यांचा टेनर येतो, म्हणून टेनरची ओढ समजण्यासारखी आहे. पण कद्री गोपालनाथ यांनी अख्खं कर्नाटक संगीत अल्टोवर उभं केलं, हेही लक्षात असू द्या.

दुसरं कारण तुमच्या घरातली हार्मोनियम. सॅक्सोफोन हे सूर बदलून बोलणारं वाद्य आहे. अल्टोवर सीची बोटं धरली, तर कानाला ऐकू येते हार्मोनियमची काळी दोन (सप्तकातली दुसरी काळी पट्टी). टेनरवर तीच बोटं धरली, तर काळी पाच. म्हणजे गाणारा काळी एकमध्ये असेल, तर अल्टोवाल्याने बी फ्लॅटला सा मानायचा. पांढरी एकला ए, काळी दोनला सी, पांढरी चारला डी, काळी चारला एफ, काळी पाचला जी. शिकाऊ बोटांना सी, एफ आणि जी हे तीन सा सर्वांत सोपे. म्हणजेच काळी दोन, काळी चार, काळी पाच. बायकांच्या गाण्याला साधारण काळी चार-पाचच लागते, त्यामुळे आईच्या किंवा आजीच्या अभंगाला मुलगी पहिल्या वर्षातच साथ करू शकेल. भजनी मंडळातल्या पुरुषांची काळी एक थोडी पुढे ठेवा, तिथे दोन कोमल स्वर सांभाळावे लागतात. एवढंच करा की हार्मोनियम एकदा मोबाइलवरच्या ट्यूनरने तपासा. जुन्या पेट्या पुष्कळदा ४४० हर्ट्झच्या आजच्या प्रमाण मापापेक्षा चढ्या किंवा उतरलेल्या असतात. माउथपीस थोडा आत-बाहेर करून सॅक्सोफोन थोडाफार जुळवून घेतो, पण फार नाही.

इथे एक गोव्यातला घोळ सांगून ठेवतो. पोर्तुगीज वळणाने सोल्फेज (स्वरनावांनी गायन-वाचन) शिकलेले मेस्त (संगीत शिकवणारे) किंवा बँडमास्तर स्वरांना दो, रे, मि, फा, सोल, ला, सि म्हणतात. त्यांचा ‘सि’ म्हणजे इंग्रजी बी. दुकानदाराचा ‘सी’ म्हणजे त्यांचा ‘दो’. बेमोल म्हणजे फ्लॅट. बँडमास्तर ‘सि बेमोलचा साशोफोन’ म्हणाले तर तो टेनर (किंवा सोप्रानो), ‘मि बेमोल’ म्हणाले तर अल्टो. फोनवर बोलताना हे स्पष्ट करून घ्या, नाहीतर चुकीचं वाद्य बघायला मडगावपर्यंत चक्कर पडेल.

आता मुख्य मुद्दा, गळती. सॅक्सोफोन म्हणजे वरून खाली रुंद होत जाणारी पितळी नळी. तिच्यावर वीस-पंचवीस भोकं आणि प्रत्येक भोकावर चामडं लावलेलं नमद्याचं पॅड. खालचा स्वर वाजवायचा तर वरची सगळी भोकं घट्ट बंद हवीत. एखादं पॅड केसाएवढं उचललेलं राहिलं, तरी आतला हवेचा स्तंभ तिथे तुटतो आणि स्वर गुरगुरतो, किंवा एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. जाणकार वादक दहा सेकंदांत ओळखतो की दोष वाद्याचा आहे. शिकाऊ मुलगी ओळखत नाही. तिला वाटतं आपली फुंक कमी पडते. मग ती रीडवर (माउथपीसला लावायची वेताची पातळ पट्टी) दात दाबते, चाव्या जीव खाऊन दाबते, खांदे वर घेते. तीन महिन्यांत या सवयी हाडात मुरतात आणि सहाव्या महिन्यात वाद्य कपाटावर जातं. पहिला सॅक्सोफोन महाग असण्यापेक्षा तो गळका नसणं कितीतरी महत्त्वाचं आहे.

याच कारणासाठी २२,००० चा नवा नको. लाल, निळी, काळी पॉलिश केलेली ही वाद्यं पहिल्या दिवशी वाजतातही. अडचण धातूची आणि जोडणीची आहे. चाव्या मऊ असल्या तर बोटांच्या रोजच्या दाबाने थोड्या वाकतात, आणि नीट बसवलेलं पॅड पुन्हा तिरपं होतं. चाव्यांच्या दांड्या आणि त्या ज्यांत फिरतात त्या नळ्या यांत सुरुवातीपासूनच खेळ असतो. दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं तर तो हात लावायला तयार होत नाही, कारण सुटे भाग मिळत नाहीत आणि मजुरी वाद्याच्या किमतीला जाऊन भिडते. अलीकडे स्वस्तातली काही वाद्यं बरी निघतात, हेही खरं. पण कोणतं बरं आणि कोणतं नाही, हे खोक्यावरून कळत नाही, आणि शिकाऊला तर अजिबात नाही. विकायला काढलंत तर चतुर्थांशही हाती येणार नाही.

उलट यामाहाचे वायएएस-२३, २७५, २८० किंवा तैवानच्या ज्युपिटरचे विद्यार्थी-मॉडेल वापरलेले मिळाले, तर दोन-तीन वर्षांनी जवळपास त्याच किमतीला विकता येतात. २३ हे जुनं मॉडेल, त्याला वरच्या एफ शार्पची वेगळी चावी नसते. त्यासाठी सौदा सोडू नका, तो स्वर पहिली तीन-चार वर्षं लागतच नाही. किंमत नव्याच्या निम्म्याच्या आसपास असेल तर योग्य समजा. ‘सेल्मर मार्क सिक्स’ हे जुनं, फार महागडं मॉडेल कोणी फार स्वस्तात देऊ करत असेल, तर नम्रपणे चहा पिऊन परत या.

बँडमास्तरांच्या टेनरबद्दल. गोव्यातल्या जुन्या घरांत चांगली अमेरिकन आणि फ्रेंच वाद्यं अजून सापडतात, त्यामुळे तो न बघताच नाही म्हणू नका. पण तीन गोष्टी तपासा. एक, तो खरंच टेनर आहे का. १९२० च्या दशकात अमेरिकेत सी मेलडी नावाचा सॅक्सोफोन खूप खपला. तो टेनरपेक्षा थोडा लहान, पण नवख्याला टेनरच वाटतो. सीची बोटं धरून वाजवायला सांगा आणि हार्मोनियमवर जुळवा: काळी पाच आली तर टेनर, पांढरी एक आली तर सी मेलडी. सी मेलडीचा माउथपीस आणि रीड मिळवताना नाकी नऊ येतात. दोन, जुन्या अमेरिकन वाद्यांवर अनुक्रमांकाजवळ ‘लो पिच’ किंवा नुसता ‘एल’ असा ठसा असतो, तो हवा. ‘हाय पिच’ असेल तर ते वाद्य आजच्या सुरापेक्षा जवळजवळ अर्धा स्वर चढं बनवलेलं आहे. माउथपीस कितीही बाहेर ओढला तरी ते जुळत नाही, कारण वरचे स्वर जास्त उतरतात आणि खालचे कमी. तीन, पॅड. चामडं कडक, काठाला तडकलेलं असेल तर सगळी पॅड बदलावी लागतील, आणि त्या खर्चाचा अंदाज आधी लेखी घेतल्याशिवाय सौदा करू नका. एवढं सगळं जमलं तर टेनर घरात कुणी मोठ्याने घ्यावा. मुलीला नको.

तपासणी कशी करायची ते नीट सांगतो, कारण निर्णय इथेच होतो.

आधी नुसतं बघणं. वाद्याची मान (माउथपीस बसतो ती वरची वाकडी नळी) काढून बाजूला ठेवा आणि वाद्य उचलून नळीच्या रेषेत डोळा लावा. नळी वाकलेली असेल तर विषय तिथेच संपला. घंटेच्या, म्हणजे टोकाच्या रुंद भोंग्याच्या, तोंडावरचे पोचे दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. भोकाच्या काठाजवळचा पोचा मात्र पॅड बसू देत नाही. मानेच्या वळणाखाली सुरकुती किंवा चपटेपणा दिसला तर ती कधीतरी खाली दाबली गेली आहे. मान पुन्हा घालून स्क्रू आवळा आणि हलवून बघा, किंचितही डुगडुगली तर तिथून हवा जाणारच. मानेची वेगळी तपासणी सोपी आहे: खालचं टोक तळहाताने बंद करा, सप्तकाचं छोटं भोक (स्वर वरच्या सप्तकात नेणारं) चावीने मिटलेलं असू द्या आणि दुसऱ्या टोकाने फुंका. हवा कुठूनही निसटता कामा नये.

मग चाव्या. प्रत्येक लांब दांडी चिमटीत धरून तिच्या लांबीच्या दिशेने हलवा. टकटक ऐकू आली तर झीज आहे. थोडी चालते, सगळीकडे असेल तर नको. जी शार्प आणि तळचा सी शार्प या दोन चाव्या स्प्रिंगने बंद राहणाऱ्या, म्हणून त्यांची पॅड सर्वांत आधी चिकटतात. चावी दाबल्यावर पॅड लगेच उठतं का बघा.

मग अंधार करून गळती. चतुर्थीला मखराला लावतो तसली बारीक तारेची एलईडी माळ घ्या, पण बॅटरीवर चालणारीच. विजेच्या बटणाला जोडायची माळ पितळेच्या नळीत अजिबात घालू नका. माळ वरून आत सोडा, खोलीत अंधार करा आणि वरपासून एकेक चावी हलक्या बोटाने दाबत जा. पॅडच्या काठाला उजेडाची रेघ दिसली की तिथे गळती. बोट हलकं ठेवणं महत्त्वाचं, जोरात दाबलं तर गळती लपते, आणि विकणाऱ्याचं बोट नेमकं तिथेच जोरात दाबतं. माळ नसेल तर सिगारेटच्या कागदाची अर्धा सेंटिमीटर रुंदीची पट्टी पॅडखाली चार बाजूंनी ठेवून, हलकं मिटवून, ओढून बघा. चारही बाजूंना ओढ सारखी लागली पाहिजे.

मग वाजवणं, आणि यासाठी सोबत वाजवणारा माणूस हवा. मधल्या बीपासून एकेक स्वर खाली, तळच्या बी फ्लॅटपर्यंत, हळू आवाजात. हळू हा शब्द अधोरेखित करा. मोठ्याने फुंकून गळकं वाद्यही वाजवता येतं. त्यानंतर दोन चाचण्या. एफ धरून ठेवा आणि डाव्या करंगळीने जी शार्पची चावी दाबा. आवाज तसाच राहिला पाहिजे. बदलला तर तिथला जुळवणीचा स्क्रू सैल आहे, पाच मिनिटांचं काम. दुसरी चाचणी सप्तकाच्या चावीची: अंगठा दाबून जी धरा, मानेवरची छोटी चावी मिटलेली राहिली पाहिजे. आता ए धरा, ती उघडली पाहिजे. जीलाही ती उचलली जात असेल तर मानेवरचं कडं किंवा मान वाकलेली आहे. माउथपीस घालताना त्याच कड्याला धरून जोर लावला की हे होतं, म्हणून मुलीला पहिल्याच दिवशी मान कुठे धरायची ते दाखवा. शेवटी ट्यूनर: अल्टोवर एफ शार्प वाजवला की ट्यूनरने ४४० चा ए दाखवला पाहिजे, टेनरवर बी वाजवल्यावर.

माउथपीस आणि रीड यांवर थोडे पैसे राखून ठेवा. वाद्याइतकाच आवाज तिथे ठरतो. यामाहाचा प्लास्टिकचा ४सी शिकाऊसाठी पुरेसा आहे. टोकाची फट साधारण १.६ मि.मी., सहज फुंकता येतो. नंतर हवा तर सेल्मरचा एस८० सी-स्टार. धातूचा, रुंद फटीचा जॅझचा माउथपीस कुणी भेट दिला तरी दोन वर्षं कपाटात ठेवा. रीड १२ वर्षांच्या मुलीला दीड नंबरची, फार तर दोन. दहाचं खोकं घ्या आणि तीन-चार रीड आळीपाळीने वापरा. एका कंपनीची दोन म्हणजे दुसरीची दोन नव्हे, म्हणून पहिले सहा महिने कंपनी बदलू नका. नुसती हवा सूं सूं करत गेली आणि जबडा दुखला तर रीड कडक. टोक मिटून आवाज अडला किंवा वरचे स्वर उतरले तर ती मऊ आहे, किंवा थकली आहे. रीड लावताना तिचं टोक माउथपीसच्या टोकाशी अगदी बरोबर, वर माउथपीसची केसभर काळी रेघ दिसेल इतकं.

ओठांची बैठक बरोबर आहे का, हे तुमची हार्मोनियमच सांगेल. नुसत्या अल्टोच्या माउथपीसमध्ये फुंकल्यावर पांढरी सहाच्या जवळचा स्वर यायला हवा, मान जोडून फुंकल्यावर काळी चार. त्याहून खूप चढा आला तर मुलगी चावते आहे. हा व्यायाम रोज दोन मिनिटं पुरे.

गोव्यातली हवा हा वेगळा शत्रू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रीडवर बुरशी धरते, पॅड चिकटतात आणि चाव्यांच्या सुईसारख्या पोलादी स्प्रिंगांना गंज चढतो. किनाऱ्याजवळच्या घरात तर हिवाळ्यातही. वाजवून झालं की नळीतून कापड ओढा, रीड काढून सपाट डबीत ठेवा, माउथपीसवर कधीच सोडू नका. जी शार्पच्या पॅडखाली टिपकागद मिटवून ओलावा टिपा. चहा, सरबत पिऊन लगेच वाजवू नये, साखर थेट पॅडवर जाते. पेटीत सिलिका जेलची पुडी, दर पंधरा दिवसांनी वाळवून. पेटी कपाटात कोंडून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा उघडलेली बरी. दर तीन-चार महिन्यांनी दांड्यांच्या टोकांना चावीच्या तेलाचा एकेक थेंब, आणि स्प्रिंगांवर तेलाचं नुसतं बोट. खोबरेल नको, ते घट्ट होतं. समईला लावतो ती पितांबरी किंवा ब्रासो सॅक्सोफोनला चुकूनही लावू नका, वरचं लॅकर निघून जाईल. कोरडं मऊ कापड एवढंच. स्कूटरवरून नेताना वरच्या टोकाचं बूच लावलेलं हवं. ते हरवलं तर सप्तकाची दांडी पेटीतच वाकते.

६०,००० चा हिशेब असा बसवा: वाद्याला ४५,००० पर्यंत, पाच-सहा हजार घेतल्यानंतरच्या जुळवणीला (पॅड आणि चाव्या नीट बसवून घ्यायला), बाकी रुंद पट्टा, रीड, कापड आणि लागला तर माउथपीस. जुळवणी ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. घरपोच आलेलं नवं वाद्यही प्रवासात बिघडतं. आणि घेण्याआधीच विचारून ठेवा, गोव्यात तुमच्या जवळ पॅड बसवून देणारं कोण आहे, किती दिवस लावतं.

ते बँडमास्तर त्यांचा टेनर विकू दे किंवा न विकू दे, अल्टो बघायला जाताना त्यांना सोबत न्या. तळचा बी फ्लॅट हळू वाजवून दाखवायला त्यांच्यापेक्षा योग्य माणूस तुम्हाला मिळणार नाही. त्या दिवसाचं मानधन आधीच ठरवून द्या, आणि त्यांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय खिशात हात घालू नका.